न आलेल्या बायकाही मोजायच्या

कर्करोगाच्या स्क्रीनिंगनं जीव वाचतात, असं आपण सहज म्हणतो. पण हे सिद्ध कसं करायचं? आजचा विषय तोच.

समजा, एका बाईला ५५ व्या वर्षी स्तनातली गाठ हाताला लागली आणि ६० व्या वर्षी ती गेली. म्हणजे निदानानंतर पाच वर्षं जगली. आता तोच कर्करोग ५२ व्या वर्षी तपासणीत सापडला, आणि तरीही ती ६० व्या वर्षीच गेली. कागदावर आठ वर्षं दिसतात; आयुष्य मात्र एका दिवसानंही वाढलेलं नाही. म्हणून निदानानंतरची वर्षं मोजून भागत नाही. मृत्यू मोजावे लागतात, आणि तेही दोन सारख्या गटांतले.

असे गट मिळाले न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या ‘हेल्थ इन्शुरन्स प्लॅन’ या योजनेत, म्हणजे ‘हिप’मध्ये, लोक आधी ठरावीक वर्गणी भरत आणि योजनेशी जोडलेले डॉक्टर त्यांच्यावर उपचार करत. साहजिकच सभासदांची पक्की यादी तयार होती. डिसेंबर १९६३ मध्ये या यादीतल्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून हातानं तपासणी, वर्षाला एकदा, अशा चार फेऱ्यांचं बोलावणं गेलं. दुसऱ्या गटाचे नेहमीचेच उपचार चालू राहिले. काम पाहत होते संख्याशास्त्रज्ञ सॅम शॅपिरो आणि डॉक्टर फिलिप स्ट्रॅक्स व लुई व्हेनेट.

आता खरी गंमत बघा. बोलावलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश स्त्रिया आल्याच नाहीत. त्यांना हिशेबातून वगळायचं का? तसं केलं असतं तर आकडे फसवे ठरले असते, कारण न आलेल्यांमध्ये इतर आजारांनी होणारे मृत्यूही जास्त होते. येणाऱ्यांच्या मुळातल्या चांगल्या प्रकृतीचं श्रेय तपासणीला गेलं असतं. म्हणून बोलावलेली प्रत्येक बाई मोजली गेली, आलेली आणि न आलेलीही. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: स्तनाच्या कर्करोगानं बोलावलेल्या गटात ३१ मृत्यू, दुसऱ्यात ५२.

एक प्रश्न मात्र उरला. फायदा यंत्राचा किती आणि हाताचा किती? दोन्ही तपासण्या एकत्रच केल्या होत्या, त्यामुळे ते सुटं करता येईना.

हाताच्या तपासणीचं उत्तर मुंबईत शोधलं गेलं. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून झोपडवस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी, त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही. इथं विम्याची तयार यादी नव्हती. माणसं शोधत घरोघरी जावं लागलं.

तेव्हा एखाद्या शिबिराची बातमी वाचताना ‘किती जणींना तपासलं’ एवढ्यावर थांबू नका. कितींना बोलावलं होतं, आणि न आलेल्यांचं पुढं काय झालं, हेही विचारा.