लढा शहाद्याचा, लेखक कोण?

1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला. भिल्लांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या होत्या आणि मूळ मालक त्याच शेतात सालदार म्हणून राबत होता. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याने त्याविरुद्ध लोक आधीच जागे केले होते. या लढ्यात स्त्रिया मागे नव्हत्या. मजुरीच्या मोर्चात त्या पुढे होत्या, दारूच्या गुत्त्यांवर चालून जाऊन मडकी फोडत होत्या, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारत होत्या.

1976 मध्ये या लढ्यावरचा लेख 'जर्नल ऑफ पीझंट स्टडीज' या इंग्रजी संशोधन पत्रिकेत आला. लेखिका होत्या जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यामुळे शहादा जगापर्यंत पोहोचला. आमचा प्रश्न व्यवस्थेला आहे. मडकी फोडणारी भिल्ल बाई या ज्ञानव्यवहारात कोण? ती माहिती देते, लेखक दुसरेच कुणी होते. शहाद्याच्याच मातीतले कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत हेच दुखणे मांडले आहे. आणि 2002 साली गोपाळ गुरू यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये सामाजिक शास्त्रांना थेट विचारले की सिद्धान्त मांडणारे एका जातीचे आणि तपशील पुरवणारे दुसऱ्या जातीचे, ही वाटणी कुठवर चालणार?

यावर ठरलेले उत्तर येते: जर्नल जात बघत नाही, गुणवत्ता बघते. परीक्षकाला लेखकाचे नाव कळत नाही, असेही सांगतात. पण नाव झाकले तरी भाषा झाकता येते का? लेख इंग्रजीत हवा. संदर्भ आधी छापलेल्या लेखांचे हवेत. आजीने सांगितलेला लढा संदर्भात बसत नाही. काही जर्नले छापण्यासाठी पैसेही मागतात. तळोद्याच्या किंवा धडगावच्या मुलीने हे कुठून आणायचे?

युजीसीच्या 2016 च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून येणे सक्तीचे होते. त्या सक्तीवर पैसे घेऊन काहीही छापणारी दुकाने पोसली गेली. 2022 च्या नियमांत सक्ती गेली, पण नोकरी आणि बढतीसाठी छापील लेख मोजणे सुटलेले नाही.

गुणवत्तेचे म्हणाल तर बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचला गेला आणि मे 1917 मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. कुवत आपल्यात होतीच. बडोद्याच्या शिष्यवृत्तीने तिला वाट मिळाली. ही वाट आपल्या किती बहिणींना मिळाली?

हा प्रश्न स्वतःलाही विचारू. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, बायकांच्या तोंडून ऐकून लिहिला. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 मध्ये मराठीत आले. त्याचा इंग्रजी अनुवाद यायला 2008 उजाडले. तोवर एकोणीस वर्षे गेली होती. आणि त्याआधी आपल्याच पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात या बायका किती होत्या?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. विद्यापीठांच्या संपादक मंडळांत दलित-आदिवासी स्त्रिया घ्या. मराठी आणि भिली भाषेतले संशोधन संशोधन म्हणून मोजा. ज्यांच्या माहितीवर लेख उभा राहतो त्यांना, त्यांची तयारी असेल तर, सहलेखक करा.

आणि आपण? शहाद्याच्या त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाऊ. त्या सांगतील ते त्यांच्या भाषेत लिहू, आणि लेखक म्हणून नाव त्यांचेच घालू.

जय भीम! जय आदिवासी!