महिन्याच्या सामानाची यादी : चौघांच्या घरात तेल किती, कडधान्य किती?

बेळगाव : गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या मंडळाने रक्ततपासणीचे शिबिर घेतले. मंडप दारातच होता म्हणून बायकोने सहज तपासून घेतले, तर हिमोग्लोबिन ९.२ निघाले. गरोदर नसलेल्या बाईचे ते १२ च्या खाली असू नये. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता मला विचारले, "घरात महिन्याला कडधान्य किती आणता ओ?" मला सांगता येईना. मी बी.कॉम. झालेला माणूस, चार दुकानांची खाती लिहिली आहेत, पण स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशेब कधी मांडला नव्हता.

घरी येऊन किराणा दुकानाच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. आम्ही चौघे. महिन्याला तेल ५ लिटर, साखर ५ किलो, तूरडाळ ३ किलो, मूगडाळ अर्धा किलो, मसूर आणि मटकी मिळून १ किलो, शेंगदाणे १ किलो. बाकी गव्हाचे पीठ, तांदूळ, रवा, मैदा आणि बिस्किटांचे पुडे मोजून अकरा. ज्वारी नाही, नाचणी नाही, हुलगा तर दोन वर्षांत एकदाही नाही. आईच्या वेळची वही माळ्यावर होती, तीही बघितली. तिच्या यादीत तेलाच्या आधी जोंधळा आणि हुलगा लिहिलेला असे.

हे एकट्या आमच्या घरचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण कर्नाटकात ४७.८ टक्के, महाराष्ट्रात ५४.२ टक्के आणि गोव्यात ३९ टक्के आढळले. सीमेच्या अलीकडे काय, पलीकडे काय, जवळपास दर दुसऱ्या घरातली गोष्ट आहे.

मोजायचे कशाने?

हैदराबादला तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तिकडच्या वाचकांना इमारत माहीत असेल. या संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या ताटाचे माप दिले आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा त्यांच्या जागी काही प्रमाणात अंडी, मासे, मटण) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. मीठ ५ ग्रॅमच्या आत. साखर २० ते २५ ग्रॅमच्या वर नको.

दिवसाचे ग्रॅम वाचून कुणाला काही बोध होत नाही. आपण खरेदी महिन्याची करतो, म्हणून मी चौघांचा तीस दिवसांचा गुणाकार केला. तेल-तूप मिळून ३ किलो २४० ग्रॅम, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. साखर जास्तीत जास्त ३ किलो. मीठ ६०० ग्रॅम, त्यात लोणचे-पापड-फरसाणातलेही धरायचे. धान्य ३० किलो. दाणे-तेलबिया ४ किलो २०० ग्रॅम. आणि डाळी-कडधान्ये १० किलो २०० ग्रॅम.

आता माझी चिठ्ठी शेजारी ठेवा. तेल दीड लिटर जास्त, साखर २ किलो जास्त, कडधान्य निम्म्याहून कमी. खातेवहीत इतका फरक आला असता तर मालकाने मला उभे केले असते.

हे माप शाकाहारी घराचे आहे. आठवड्यातून दोनदा अंडी-मासे होत असतील तर कडधान्य तेवढे कमी धरा. घरात लहान मुले असतील तर सगळेच थोडे कमी, कुणी शेतात किंवा वर्कशॉपमध्ये अंगमेहनत करत असेल तर धान्य जास्त. आकडा पाळायचा म्हणून कुणाची भाकरी मोजू नये.

पहिली दुरुस्ती कडधान्यात

आपल्याकडे डाळ म्हणजे तूरडाळ, आणि तीही आमटीत इतकी पातळ की वाटीत तळ दिसतो. खरे तर बेळगावच्या शिवारात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर जो बारीक मसूर येतो, त्याच्यासारखी चव नाही. मसुरात १०० ग्रॅममागे २३-२४ ग्रॅम प्रथिने असतात आणि लोहही चांगले. आख्खा मसूर रात्री भिजवायला विसरलात तरी सकाळी शिजतो, नोकरी करणाऱ्या घरात हा मोठाच फायदा. आम्ही आता मसूर २ किलो, हुलगा १, मटकी १, हिरवे मूग १, चवळी १, हरभरा १ आणि तूर-मूगडाळ मिळून ३ असे आणतो. दर वारी एक उसळ ठरलेली आहे. पोरं पहिल्या महिन्यात कुरकुरली, त्यांना मटकीची मिसळ करून दिली.

मोड आणण्याचा फायदा पचनापुरता नाही. कडधान्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला धरून ठेवते. भिजवून मोड आणले की ते कमी होते आणि लोह अंगाला लागते. उसळीवर लिंबू पिळले, सोबत टोमॅटो, आवळा किंवा जेवणावर पेरूची फोड खाल्ली तर क जीवनसत्त्वामुळे आणखी लागते. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा घेतला तर चहातले टॅनिन लोह अडवते. आमच्याकडे दुपारचे ताट उचलले की चहाचे आधण, ही जुनी रीत. ती तासभर पुढे ढकलणे हेच सगळ्यात अवघड गेले, अजूनही रविवारी मोडते.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीत दिसत नाही, ती वाढण्यात दिसते. उसळ करायची तिघांच्या मापाची आणि करणारी बसणार शेवटी. तोवर पातेल्यात रस्सा उरतो. मी हे कधी बघितलेच नव्हते, कारण मी पहिल्या पंगतीला. सामान वाढवूनही बाईचे रक्त वाढत नसेल तर आधी इथे बघा. आम्ही आता चौघे एकदम बसतो, निदान रात्री.

जोंधळा, नाचणी आणि नावांचा घोळ

सीमाभागात एकाच जिनसाला तीन नावे. कन्नड दुकानात जोळ म्हणजे आपली ज्वारी, हुरळी म्हणजे हुलगा (गोव्याकडे कुळीथ), रागी म्हणजे नाचणी, गुरेळ्ळू म्हणजे कारळे, अगसी म्हणजे जवस, पुंडी म्हणजे अंबाडीची भाजी. हैदराबादेत अंबाडी मागायची तर गोंगुरा म्हणा, ज्वारी जोन्नलू आणि हुलगा उलवलू. बडोद्याला नाचणी नागली नावाने मिळते. नाव माहीत नाही म्हणून जिन्नस घरात आला नाही, असे बदलीवर गेलेल्या अनेक घरांत होते.

ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. मधुमेही माणसाला हा फरक जेवणानंतरच्या रिपोर्टात दिसतो, मात्र चार भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारीचीही साखरच होते. भाकरी थापता येत नाही, चिरते, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, पीठ जुने असते. आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणा आणि पीठ उकळत्या पाण्याने मळा. तरी जमले नाही तर बचत गटांच्या बायका करतात त्या कडक भाकऱ्या आणून ठेवा, पंधरा दिवस टिकतात.

नाचणीत १०० ग्रॅममागे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधात साधारण १२०. दूध परवडत नाही किंवा पचत नाही त्या घरात आंबील हा चांगला आधार. खानापूर-चंदगडकडची नाचणी बाजारात मिळते, पॉलिश केलेली नको.

कारळ्याची, जवसाची, दाण्याची चटणी हा आपल्या भागाचा खरा ठेवा, तेलबियांचे ४ किलो त्यातूनच भरतात. जवस भाजून कुटूनच खावे, आख्खे तसेच बाहेर पडते. पावसाळ्यात शेंगदाण्याला बुरशी आली तर भाजून वापरू नका, टाकून द्या. त्या बुरशीचे विष घरच्या भाजण्याने जात नाही आणि ते यकृताला घातक आहे.

रेशनच्या तांदळातले "प्लास्टिक"

रेशनच्या तांदळात काही वेळा काही दाणे वेगळे, किंचित पिवळट दिसतात, पाण्यात तरंगतात. प्लास्टिकचा तांदूळ आला अशी आवई दर वर्षी एकदा उठते आणि माझ्याकडे व्हिडिओ येतात. ते प्लास्टिक नव्हे. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळून केलेले ते दाणे असतात, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले. ज्या बाईला रक्त कमी तिनेच ते निवडून फेकले, असे मी दोन घरांत बघितले आहे. निवडू नका, फार चोळून धुऊ नका आणि पेज काढून टाकू नका. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

तेल, गूळ आणि पाकिटे

लाकडी घाण्याचे तेल चांगले म्हणून सढळ हाताने ओतणारे खूप भेटतात. घाण्याचे असो की रिफाइंड, ग्रॅमला ९ कॅलरी त्या तशाच. गुळाचेही तेच. आपला गूळ कितीही नामी असला तरी साखरेच्या ३ किलोतच तो मोजायचा. तेल कमी करायचा आमचा उपाय साधा आहे : महिन्याचे साडेतीन लिटर पहिल्या तारखेला वेगळ्या डब्यात ओततो, मध्ये दुकानात जायचे नाही. पाकिटावरचे वजन वाचा, प्रत्येकात ९१० ग्रॅम असतातच असे नाही. वडे-पुऱ्या तळून उरलेले तेल पुन्हा तळायला न वापरता एक-दोन दिवसांत फोडणीत संपवा.

पाकिटाची समोरची बाजू कन्नड असो की मराठी, मागचा बारीक मजकूर बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. "नाचणी बिस्कीट" म्हणून घेतलेल्या पुड्यात पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल आणि नाचणी पाचवी असेल, तर ते मैद्याचे बिस्कीट आहे. मिठासाठी सोडियमचा आकडा अडीचने गुणा. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल तर ते २ ग्रॅम मीठ झाले.

खर्चाचे विचाराल तर पहिल्या महिन्यात बिल वाढले. तेल, साखर, मैदा, बिस्किटे यांतून वाचलेले कडधान्य आणि दाण्यांत गेले, वर थोडे पडलेच. गणपत गल्लीतल्या दुकानाऐवजी रविवार पेठेतून तीन महिन्यांचे कडधान्य एकदम घेतल्यावर ते जवळपास मिटले. ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून डबे भरले आहेत. पावसाळ्यात इथली दमट हवा बघता जूनमध्ये मात्र तीन महिन्यांचा साठा करू नका.

बायकोच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढे दिवस चालूच होत्या. ९ च्या घरातले हिमोग्लोबिन नुसत्या उसळीने वर येत नाही, गोळ्या बंद करून कुणी प्रयोग करू नये. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा ११.१ आले. या महिन्याच्या चिठ्ठीत तेल ४ लिटर आहे, घरात पाहुणे होते. हुलगा संपला आहे, तो शनिवारी आणायचा आहे.