घरी कोरलेले आमिष, जगाची बाजारपेठ : ‘रापाला’ची वाटचाल

माशांना फसवून गळाला लावणारे कृत्रिम आमिष, म्हणजेच ल्युअर, घरच्या घरी तयार करता येते. लाकडाचा हलका तुकडा, चाकू, काचकागद, दोन गळ आणि थोडा रंग एवढ्या साहित्यावर काम भागते. भांडवल अल्प लागत असल्यामुळेच या व्यवसायात निर्मात्यांची गर्दी मोठी आहे आणि दुकानाच्या फळीवर नव्या नावाला जागा मिळणे कठीण आहे. फिनलंडमधील एका गरीब मच्छीमाराने 1936 मध्ये कोरलेले आमिष या गर्दीतून पुढे येऊन जागतिक नाममुद्रा बनले. लाउरी रापाला यांची ही वाटचाल छोट्या उत्पादकांसाठी आजही अभ्यासाचा विषय आहे.

गरजेतून जन्म

लाउरी रापाला यांचा जन्म 1905 मध्ये झाला. जंगलतोडीची कामे, शेतमजुरी आणि मासेमारी यांवर त्यांचा चरितार्थ चाले. दक्षिण फिनलंडमधील पाइयान्ने सरोवरात ते एकट्याने होडी वल्हवीत मासेमारी करीत. लांब दोरीवरील शेकडो गळांना रोज जिवंत आमिष लावण्यात त्यांचे बरेच श्रम खर्च होत.

सरोवरातील शिकारी मासे लहान माशांच्या थव्यावर हल्ला करताना बहुधा एखाद्या जखमी, डळमळत पोहणाऱ्या माशाला लक्ष्य करतात, असे त्यांच्या निदर्शनास आले. हीच डळमळ निर्जीव वस्तूत उतरविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. चांभाराच्या चाकूने बुचाचा तुकडा कोरून त्यांनी त्याला काचकागदाने आकार दिला. चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद त्यावर गुंडाळला आणि छायाचित्रांच्या फिल्म वितळवून तयार केलेला थर वर चढविला. पुढे बुचाची जागा झाडाच्या सालीने आणि कालांतराने बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडाने घेतली.

स्पर्धा आधीपासूनच होती

कृत्रिम आमिषाची कल्पना त्या वेळी नवीन नव्हती. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जेम्स हेडन यांनी 1890च्या दशकातच लाकडी आमिषांच्या व्यवसायाचा पाया घातला होता. इंडियाना राज्यातील क्रीक चब या कंपनीने तोंडाशी धातूची पट्टी बसविलेली, पाण्यात वळवळणारी आमिषे 1920च्या सुमारास बाजारात आणली होती. त्यामुळे रापाला यांचे वेगळेपण केवळ रचनेत नव्हते, तर आमिषाच्या हालचालीत होते. हलक्या अंगामुळे दोरी सावकाश ओढली तरी ते आमिष जखमी माशासारखे डुलत असे.

ही हालचाल लहानशा दोषानेही बिघडते. तोंडाची पट्टी किंचित तिरपी बसली, वजन एका बाजूला झुकले किंवा दोरी बांधण्याची कडी मध्यरेषेवर नसली, तर आमिष एकीकडे कलंडते. यावर उपाय म्हणून प्रत्येक नग पाण्यात ओढून पाहण्याची आणि कडी हाताने किंचित वाकवून त्याची चाल सरळ करण्याची प्रथा रापाला कुटुंबाने पाळली. उत्पादन वाढल्यानंतरही कारखान्यातील टाकीत ही परीक्षा सुरू राहिली. डबीतून काढलेले आमिष पहिल्याच फेकीला नीट चालणार, हा ग्राहकाचा विश्वास त्यातून निर्माण झाला.

अमेरिकेतील प्रवेश

सुरुवातीची दोन दशके या आमिषाचा लौकिक मुख्यतः मच्छीमारांच्या परस्परांतील चर्चेतूनच पसरला. रापाला यांचे पुत्रही या कामात सहभागी झाले. निर्णायक वळण 1959 मध्ये आले. मिनिआपोलिस येथील विक्री प्रतिनिधी रॉन वेबर यांना या आमिषाचा परिणाम प्रत्यक्ष अनुभवास आला. मासेमारी साहित्याचे दुकान चालविणारे रे ऑस्ट्रम यांच्यासह त्यांनी फिनलंडशी संपर्क साधून आयात सुरू केली. त्यांची वितरण कंपनी पुढे नॉरमार्क या नावाने ओळखली गेली.

या सहकार्यात कामाची विभागणी स्पष्ट होती. फिनलंडमध्ये उत्पादन आणि गुणवत्ता सांभाळली जाई, तर अमेरिकेतील ग्राहक, दुकानदार आणि किंमत यांची जाण वितरकांकडे होती. परक्या भाषेतील दूरच्या बाजारात स्वतःची विक्रीयंत्रणा उभारण्याची वेळ निर्मात्यावर आली नाही.

प्रसिद्धीचा लाभ आणि ताण

ऑगस्ट 1962 मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकात रापाला आमिषावर लेख प्रसिद्ध झाला. अभिनेत्री मेरिलिन मन्रो यांच्या निधनानंतरचा तो अंक असल्याने त्याला प्रचंड वाचकवर्ग लाभला. आमिषाची मागणी उत्पादनक्षमतेच्या कितीतरी पुढे गेली.

अनपेक्षित प्रसिद्धी छोट्या उत्पादकाला अनेकदा अडचणीत टाकते. पुरवठा लांबला की नकला बाजारात येतात. घाईने उत्पादन वाढविले की दर्जा घसरतो. रापाला कुटुंबाने यंत्रांच्या साह्याने उत्पादन वाढविले, परंतु प्रत्येक नगाची चाचणी सोडली नाही. लाउरी रापाला यांचे 1974 मध्ये निधन झाले. कंपनी 1998 मध्ये हेलसिंकी शेअर बाजारात नोंदली गेली आणि त्यानंतर गळ तयार करणारी फ्रान्समधील व्हीएमसी ही कंपनी तिच्यात समाविष्ट झाली.

दुसरा मार्ग परवान्याचा

प्रत्येक निर्मात्याने कारखाना उभारलाच पाहिजे असे नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात फ्रेड यंग यांनी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्साचे गोलसर आमिष हाताने कोरले. ‘बिग ओ’ नावाचे हे आमिष स्पर्धक मच्छीमारांत विलक्षण लोकप्रिय झाले, पण एका माणसाच्या हातून होणारे उत्पादन मागणीला पुरेसे नव्हते. अखेर 1970च्या दशकात आर्कान्सासमधील उत्पादक कॉटन कॉर्डेल यांनी ते प्लास्टिकमध्ये मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले.

कर आणि पर्यावरणाचे नियम

अमेरिकेत मासेमारीच्या साहित्यावर उत्पादन शुल्क आकारले जाते. आमिषांवर त्याचा दर निर्मात्याच्या विक्रीमूल्याच्या 10 टक्के असून 1950च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार ही रक्कम राज्यांच्या मत्स्यसंवर्धन कार्यासाठी वापरली जाते. घरी आमिषे बनवून विकणाराही या कराच्या कक्षेत येतो. किंमत ठरविताना हा खर्च विसरल्यास नफा नाहीसा होतो.

वजनासाठी वापरले जाणारे शिसे हा दुसरा प्रश्न. पाणपक्ष्यांच्या पोटात शिशाचे तुकडे जाऊन विषबाधा होत असल्याने ब्रिटनमध्ये 1987 पासून शिशाच्या लहान वजनांवर निर्बंध आहेत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर व मेन या राज्यांनीही असे नियम केले आहेत. टंगस्टन व कथील हे त्याचे पर्याय असून त्यांचा खर्च अधिक आहे.

भारतातील कायदेशीर संरक्षण

भारतात असे उत्पादन बाजारात आणणाऱ्यास तीन कायद्यांचा आधार घेता येतो. बाह्य आकार व नक्षीला डिझाइन कायदा 2000 अन्वये 10 वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी 5 वर्षे वाढविता येते. नाव व बोधचिन्हाची नोंदणी व्यापारचिन्ह कायदा 1999 अन्वये 10 वर्षांसाठी होते आणि तिचे वेळोवेळी नूतनीकरण करता येते. हालचाल घडविणारी रचना खरोखर नवीन असेल, तर पेटंट कायदा 1970 अन्वये अर्ज करता येतो; त्याची मुदत 20 वर्षे असते.

डिझाइन आणि पेटंट या दोहोंसाठी नावीन्य ही मुख्य अट आहे. अर्जापूर्वीच उत्पादनाची विक्री झाली किंवा छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली, तर हे नावीन्य धोक्यात येते. त्यामुळे पाण्यातील चाचण्या खासगीत पूर्ण करणे, अर्ज दाखल करणे आणि मगच माल दुकानात ठेवणे, हा क्रम हिताचा ठरतो. मात्र नोंदणीमुळे नक्कल रोखण्याचा अधिकार मिळतो, ग्राहक मिळत नाही. तो आमिषाच्या पाण्यातील चालीवरच मिळवावा लागतो.