चौकट बसते, काच बसत नाही

जुना वाडा उतरवला तरी त्याच्या लाकडी चौकटी वाया जात नाहीत. तळेगाव ढमढेऱ्यासारख्या जुन्या गावात अशी खिडकी दुसऱ्या घरात बसवायची झाली, तर सुतार रंधा मारतो, फट राहिली तर पट्टी ठोकतो आणि काम होतं. प्लास्टिकच्या ठोकळ्यांना ही सोय नाही. तिथे साचा बदलला की विषय संपला.

लेगोबद्दल कौतुकाने सांगतात की १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. खरं आहे, पण भिंतीपुरतं. खिडकीचा इतिहास वेगळा आहे.

ओले कर्क क्रिस्तियानसन हा डेन्मार्कमधल्या बिलुंडचा सुतार. खेळण्यांच्या आधी तो घरं बांधायचा. १९४९ साली त्याच्या कंपनीने प्लास्टिकचे ठोकळे काढले, तेही ब्रिटनच्या हिलरी पेजच्या किडिक्राफ्ट ठोकळ्यांवरून. (नक्कल म्हणा हवं तर.) ठोकळे आतून पोकळ होते, टोकाला उभी खाच होती आणि दारं-खिडक्या त्या खाचेत सरकवायच्या. पकड मात्र यथातथाच.

२८ जानेवारी १९५८ ला मुलगा गॉटफ्रेडने ठोकळ्याच्या पोटात नळ्या घालायच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला. पकड घट्ट झाली. खाचा मात्र पन्नाशीच्या दशकातच गेल्या, आणि खाचेत सरकणाऱ्या खिडक्यांना नव्या भिंतीत आधार उरला नाही.

पुढची गंमत जास्त फसवी आहे. चार बटणं रुंद, तीन ठोकळे उंच, म्हणजे साधारण ३२ बाय २९ मिलिमीटरची खिडकी घ्या. जुनी चौकट ३८५३ क्रमांकाची, नवी ६०५९४. बाहेरून माप तेच, त्यामुळे भिंतीत दोन्ही बसतात. पण एकीची काच दुसरीत बसत नाही. जुनीला बाहेरून झडपा लावता यायच्या, नवीवर ती सोयच नाही. त्यात आगगाडीच्या डब्याची खिडकीही याच मापाची, आणि तिची काच तिसरीच!

माझ्या मते कंपनीने शब्द मोडला नाही, पण तो चौकटीच्या बाहेरच्या कडेपर्यंतच पाळला. मामेभावाचा जुना डबा आणि स्वतःचा नवा डबा एकत्र करणाऱ्या पोराला ते कोण सांगणार? त्याच्या घराला खिडक्या आहेत, पण अर्ध्या बिनकाचेच्या.

असा डबा तुमच्याकडे आला, तर चौकटीवरचा बारीक क्रमांक आधी वाचा, मगच काच शोधा. सुतारासारखी कानस मात्र हातात घेऊ नका. हे प्लास्टिक एकदा घासलं की पकड परत येत नाही.