स्कॉटलंडच्या मंडळीचा उपवासकाळ

ज्या ख्रिस्ती मंडळीनें उपवासकाळ आपल्या पंचांगांतून पुसून टाकला, तिनें प्रायश्चित्त, उपवास व मनाची तयारी यांचें पुढें काय केलें, हा प्रश्न आपणां कॅथॉलिक लोकांस सहसा सुचत नाहीं. राखेचा बुधवार, क्रूसाची वाट, कुमसार आणि ईस्टरची पहाट ह्या पायऱ्या आपण लहानपणापासून चढत आलों. त्या नसत्या तर आपली वाट कशी झाली असती, याचा विचार करण्याचा प्रसंगच आपणांवर येत नाहीं. परंतु इतिहासांत असा एक देश आहे कीं, जेथें ह्या पायऱ्या मुद्दाम काढून टाकण्यांत आल्या आणि तीन शतकांनंतर त्याच लोकांच्या वंशजांनीं त्यांतील कित्येक पुन्हा बसविल्या. तो देश स्कॉटलंड, व ती मंडळी प्रेसबिटेरियन. तिची हकीकत आपल्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें थोडक्यांत देत आहें.

आरंभ कॅथॉलिक काळापासूनच केला पाहिजे. स्कॉटलंडची राणी संत मार्गारेट ही इ. स. १०९३ मध्यें निवर्तली. तिचा चरित्रकार टर्गट सांगतो कीं, त्या वेळीं स्कॉट लोक उपवासकाळाची सुरुवात राखेच्या बुधवारीं न करतां पुढच्या आठवड्याच्या सोमवारीं करीत असत. राणीनें धर्मगुरूंची सभा बोलावली आणि त्यांस दाखवून दिलें कीं, सहा रविवार वजा केले असतां तुमच्या उपवासाचे छत्तीसच दिवस उरतात. प्रभूनें तर अरण्यांत चाळीस दिवस उपास केला. तें म्हणणें सर्वांस पटलें व चार दिवस वाढविण्यांत आले. याच राणीच्या वाड्यांत उपवासाच्या दिवसांत तीनशें गोरगरिबांस जेवूं घालीत, आणि राजा व राणी स्वतः त्यांस वाढीत, असेंही टर्गटनें लिहून ठेविलें आहे. उपास आणि अन्नदान हीं दोन्ही त्या देशांत अशीं एकत्र नांदत होतीं.

पुढें सोळावें शतक उजाडलें. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरीं इ. स. १५२२ च्या उपवासकाळांत फ्रोशाउअर नांवाच्या छापखानदाराच्या घरीं कामानें थकलेल्या मंडळींनीं मांसाचे सॉसेज खाल्ले. झ्विंग्ली हा धर्मोपदेशक तेथें हजर होता. त्यानें स्वतः खाल्लें नाहीं, परंतु खाणारांची बाजू घेऊन त्यानें प्रवचन केलें आणि तें छापून प्रसिद्ध केलें. त्याचा मुद्दा असा कीं, ज्यास उपास करावयाचा त्यानें खुशाल करावा. पण शास्त्रांत आज्ञा नसतां कोणावर त्याची सक्ती करूं नये. उपास वाईट असें तो म्हणाला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तंटा सक्तीविषयीं होता.

हेंच मत जॉन नॉक्स व त्याचे सहकारी यांनीं स्कॉटलंडांत आणलें. इ. स. १५६० मध्यें तेथील पार्लमेंटानें पोपचा अधिकार व मिस्सा हीं दोन्ही बंद केलीं. नवी मंडळी ‘प्रेसबिटर’ म्हणजे वडील यांच्या पायावर उभी राहिली. तीत बिशप नाहीं. प्रत्येक गांवच्या मंडळींत एक पाळक व लोकांतून घेतलेले वडील असतात, आणि त्यांची सभा, जिला सेशन म्हणतात, ती मंडळीचा सर्व कारभार पाहते. या मंडळीनें नाताळ, उपवासकाळ, ईस्टर, संतांचे सण हे सर्व शास्त्रांत नाहींत म्हणून वगळले. प्रभुभोजन वर्षांतून चारदां, मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबर यांच्या पहिल्या रविवारीं व्हावें असें ठरलें. हे महिने निवडण्याचें कारणच हें कीं, लोकांच्या मनांत ईस्टरचें जें माहात्म्य होतें तें नाहींसें व्हावें.

तरी जुनी सवय लवकर सुटली नाहीं. सरकारनें सुद्धां उपवासकाळांतील मांसबंदी कांहीं काळ चालूच ठेविली. धर्मासाठीं नव्हे, तर गुरें वांचावीं व मासळीचा धंदा चालावा म्हणून! आणि खुद्द मंडळीलाही लवकरच उपासाची गरज भासली. देशावर संकट आलें आहे असें पाहून तिच्या साधारण सभेनें डिसेंबर १५६५ मध्यें सार्वजनिक उपासाचा ठराव केला. त्याची रीत नॉक्स व क्रेग या दोघां पाळकांनीं लिहून दिली. शनिवारीं रात्रीं आठ वाजल्यापासून रविवारच्या सायंकाळपर्यंत कांहीं खावयाचें नाहीं, आणि नंतर केवळ भाकरी व पेय घ्यावयाचें. यासाठीं रविवार नेमले ते फेब्रुवारीचा शेवटचा व मार्चचा पहिला. म्हणजे ज्या दिवसांतून उपवासकाळ काढून टाकला होता, त्याच दिवसांत पहिला मोठा उपास येऊन पडला.

इ. स. १६१८ मध्यें राजा सहावा जेम्स यानें पर्थ येथील सभेकडून पांच कलमें मंजूर करून घेतलीं. प्रभुभोजन गुडघे टेकून घ्यावें, आणि नाताळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर, स्वर्गारोहण व पेन्टेकॉस्ट हे दिवस पाळावे, असें त्यांत होतें. राजाच्या हुकुमानें आलेली ही भक्ति लोकांनीं मनापासून स्वीकारली नाहीं, इ. स. १६३८ च्या ग्लासगो येथील सभेनें तीं कलमें धुडकावून लाविलीं. इ. स. १६४५ च्या उपासनापद्धतींत तर स्पष्ट म्हटलें कीं, प्रभुवाराखेरीज शास्त्रानें कोणताही दिवस पवित्र ठरविलेला नाहीं. मात्र प्रसंग पडल्यास उपासाचे व उपकारस्तुतीचे दिवस नेमावे.

आतां या कथेचा मुख्य भाग येतो. पंचांगांतून हांकलून दिलेला उपवासकाळ या लोकांच्या जीवनांत दुसऱ्या वाटेनें शिरला, आणि ती वाट म्हणजे प्रभुभोजनाची तयारी. वर्षांतून चारदां व्हावयाचें भोजन खेड्यापाड्यांत एकदांच, आणि कित्येक ठिकाणीं तितकेंही होत नसे. त्यामुळें तो प्रसंग सबंध गांवाचा झाला. कित्येक आठवडे अगोदरपासून पाळक व वडील घरोघर जात. इ. स. १६४८ मध्यें मंजूर झालेल्या लहान प्रश्नोत्तरावलींत १०७ प्रश्न आहेत. शेतकरी, गडी, मोलकरीण, सर्वांस त्यांतून विचारीत. ज्यांचें एकमेकांशीं वैर असेल त्यांस सेशनपुढें बोलावून समेट करावयास लावीत. ज्याच्या हातून उघड पाप घडलें असेल, त्यास भर उपासनेंत प्रायश्चित्ताच्या आसनावर बसावें लागे. प्राचीन ख्रिस्तसभेंत उपवासकाळीं पातकी लोक मंदिराच्या दारांत उभे राहत, त्याचीच आठवण यानें होते.

जो योग्य ठरे त्यास शिशाचा एक लहानसा बिल्ला मिळे. त्यावर गांवाचें नांव किंवा त्याचीं आद्याक्षरें व बहुधा वर्ष कोरलेलें असे. हा बिल्ला दिल्यावांचून प्रभुभोजनास बसतां येत नसे. आज स्कॉटलंडच्या संग्रहालयांतून असे बिल्ले मांडून ठेविलेले दिसतात. कित्येकांस ती कडक शिस्त वाटेल, व ती होतीही. पण ज्या मनुष्यानें तो बिल्ला हातांत घेतला, त्यास आपण कोठें जात आहों व कोणाच्या पंगतीस बसणार आहों, याचा विसर पडणें शक्य नव्हतें.

मग तो सप्ताह येई. गुरुवार उपासाचा, त्या दिवशीं दुकानें व शेतकामें बंद. शनिवारीं तयारीचें प्रवचन. रविवारीं मंदिरांत, आणि लोक मावले नाहींत तर उघड्या माळावर, लांबच लांब मेजें मांडून त्यांवर पांढरें शुभ्र कापड अंथरीत. पाळक प्रथम इशारा देई कीं, अमुक अमुक पाप करणारांनीं पश्चात्तापावांचून येथें येऊं नये. यास ते लोक मेजाला कुंपण घालणें म्हणत. त्यानंतर लोक पाळीपाळीनें मेजाशीं बसत, आणि भाकरी व प्याला हातोहात पुढें जात. श्रीमंत व गरीब एकाच बाकावर बसत. ऑर्गन नसे, एक गायक स्तोत्राची ओळ म्हणे व सारी सभा ती उचलून धरी. सोमवारीं उपकारस्तुति होऊन माणसें घरोघर परतत. शेजारच्या गांवांहून आलेल्या पाहुण्यांस घरांत, गोठ्यांत, जेथें जागा असेल तेथें उतरवून घेत. इ. स. १७४२ च्या उन्हाळ्यांत ग्लासगोजवळील कॅम्बसलँग गांवीं अशा प्रसंगाला तीस हजार लोक जमले होते, असा त्या काळच्या लोकांचा अंदाज आहे.

या उपासनेशीं दयाधर्म जोडलेला होता, हें विसरतां कामा नये. मंदिराच्या दारांत जें दान पडे, त्यांतून सेशन गांवांतील विधवा, अनाथ व आजारी यांस मदत करी. इ. स. १८४५ चा गरिबांविषयींचा कायदा होईपर्यंत त्या देशांतील दीनदुबळ्यांचा मुख्य आधार हाच होता. मार्गारेट राणीचें अन्नदान अशा रीतीनें गांवच्या वडिलांच्या हातीं आलें.

परंतु मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. ज्या मेळाव्यांत अश्रु वाहत, त्याच मेळाव्याच्या कडेला दारूचे पिंपही उघडत. कवि रॉबर्ट बर्न्स यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा एका जत्रेवर बोंचक उपहास लिहिला. पुढें आगगाडी आली आणि शहरांतील उपासाचा गुरुवार हा सहलीचा दिवस बनला. मंडळी उपासाचें नांव घेई, आणि लोक फराळाच्या टोपल्या घेऊन समुद्रकिनाऱ्यावर जात! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या शहरांनीं ते दिवस एकामागून एक सोडून दिले. सक्तीच्या उपासास कंटाळून ज्यांच्या पूर्वजांनीं उपवासकाळ मोडला, त्यांचाही उपास अखेरीस पोकळ झाला. केवळ वायव्येकडील डोंगराळ मुलखांत व बेटांवर, विशेषतः फ्री चर्चच्या मंडळींत, गुरुवार ते सोमवार हा क्रम आणि गेलिक भाषेंतील स्तोत्रगायन अद्याप टिकून आहे. तेथें उपवासकाळ मात्र आजही पाळीत नाहींत.

जेथें जुनी तयारी मोडली, तेथें कांहीं पाळकांस रितेपणा जाणवूं लागला. एडिंबरो येथील ग्रेफ्रायर्स मंदिरांत रॉबर्ट ली यानें छापील प्रार्थना, गुडघे टेकणें व ऑर्गन यांची सुरुवात केली. त्यावर मोठें वादळ उठलें. इ. स. १८६५ मध्यें उपासनेच्या सुधारणेसाठीं एक संस्था निघाली. इ. स. १९३८ मध्यें जॉर्ज मॅकलाउड या पाळकानें आयोना बेटावर संत कोलंबाच्या भूमींत प्रार्थना व श्रम यांचा बंधुसंघ स्थापिला, आणि तेथील पडक्या मठाच्या इमारती पुन्हा उभारण्याचें काम हातीं घेतलें. इ. स. १९४० च्या उपासनापुस्तकांत ख्रिस्ती वर्षाच्या ऋतूंस, आणि त्यांत उपवासकाळास, मंडळीच्या संमतीनें जागा मिळाली. अमेरिकेंतील प्रेसबिटेरियनांच्या इ. स. १९९३ च्या पुस्तकांत तर राखेच्या बुधवारीं कपाळास राख लावण्याचा विधीही आहे. आज त्यांच्या अनेक मंदिरांतून उपवासकाळीं जांभळें वस्त्र दिसतें, आठवड्यांत शास्त्राभ्यासाचे वर्ग भरतात, साधें जेवण करून वांचलेला पैसा गरिबांस पाठवितात, आणि पवित्र सप्ताहांत इतर मंडळ्यांबरोबर क्रूसामागून चालतात.

या परतीच्या वाटेंत आपल्या ख्रिस्तसभेचाही हात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, इ. स. १९६९ मध्यें रोमनें रविवारच्या शास्त्रवाचनांचा तीन वर्षांचा नवा क्रम तयार केला. इ. स. १९७० मध्यें अमेरिकन प्रेसबिटेरियनांनीं तो थोडाबहुत बदलून घेतला, आणि इ. स. १९९२ चा जो समाईक वाचनक्रम अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या वापरतात, तो याच पायावर रचलेला आहे. म्हणून उपवासकाळाच्या पहिल्या रविवारीं आपण प्रभूच्या अरण्यांतील परीक्षेचें शुभवर्तमान ऐकतों, तेंच त्या दिवशीं ग्लासगोच्या एखाद्या प्रेसबिटेरियन मंदिरांतही वाचलें जात असतें.

ही मंडळी आपणांस अगदींच परकी नव्हे. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन इ. स. १८२९ मध्यें मुंबईस आले; स्टीफन हिस्लॉप इ. स. १८४५ मध्यें नागपुरास आले. त्यांच्या नांवाचीं महाविद्यालयें आपल्या परिचयाचीं आहेत. याच नागपुरांत २९ नोव्हेंबर १९७० रोजीं उत्तर भारताच्या चर्चची स्थापना झाली, व प्रेसबिटेरियन परंपरेचे पुष्कळ मराठी ख्रिस्ती लोक उपवासकाळ पाळणाऱ्या अँग्लिकन बंधूंशीं एका मंडळींत आले.

या इतिहासापासून आपण काय घ्यावें? इ. स. १९६६ मध्यें पोप सहावे पॉल यांनीं उपासाचे नियम पुष्कळ सैल केले. आतां राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार हे दोनच दिवस उपासाचे बंधनकारक राहिले. म्हणजे झ्विंग्लीनें जी मोकळीक मागितली होती, तीतील बरीच आज आपल्या हातीं आहे. मोकळीक मिळाल्यावर उपास टिकतो कीं नाहीं, ही परीक्षा पूर्वीं स्कॉटलंडची झाली, आतां ती आपली आहे. तेथें तो टिकला तो वडील घरोघर गेले तोंवर, वैर मिटविल्याखेरीज कोणी मेजाशीं बसला नाहीं तोंवर, आणि दारांतील पेटीचा पैसा विधवेच्या चुलीपर्यंत पोहोंचला तोंवर. हें सुटलें तेव्हां सुटीचा गुरुवार तेवढा उरला. आपल्या घरींही मासळी-मटण वर्ज्य करून शेजाऱ्याशीं अबोला तसाच ठेवला, तर आपला उपवासकाळ कितीसा निराळा?

३० नोव्हेंबर १९२२ नव्हे, तर शंभर वर्षांनीं, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं, चर्च ऑफ स्कॉटलंड व स्कॉटलंडची कॅथॉलिक ख्रिस्तसभा यांनीं मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. जागा डनफर्मलिनचें मंदिर, म्हणजे मार्गारेट राणीनें जेथें मठ स्थापिला व जेथें तिला पुरलें तें स्थान. जाहीरनाम्यास नांवही तिचेंच दिलें. चाळीस दिवस पुरे करा असें सांगणाऱ्या त्या राणीच्या नांवानें दोन्ही घरचीं लेंकरें एकत्र आलीं. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबानें येत्या राखेच्या बुधवारापूर्वीं एक तुटलेलें नातें जोडावें व एका गरजू घराची चौकशी करावी, एवढीच नम्र विनंति करून हा लेख पुरा करतों.