गोवर्धनची द्राक्षे आणि फळांची वाटी

मे महिन्यातली गोष्ट. गंगापूर रस्त्यावरील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही आठ जण जेवावयास होतो. पाने उठल्यावर गार केलेल्या काचेच्या वाट्या आल्या. वाटीत आंब्याच्या फोडी, खरबूज, अननस, वर डाळिंबाचे दाणे आणि पुदिन्याची दोन पाने होती. खाली फिकट सोनेरी रस साचलेला होता. मंडळींत ज्येष्ठ म्हणजे अण्णा. त्यांनी वाटी संपवून दुसरी मागितली. ती पुढे ठेवताना सूनबाई सहज बोलून गेल्या, "आवडली ना अण्णा? आपल्या इथलीच वाइन आहे हो त्यात."

अण्णांनी उचललेला चमचा खाली ठेवला. "सत्तर वर्षांत जे केले नाही ते तुम्ही आज मला नकळत करावयास लावलेत," एवढेच ते म्हणाले. यजमान ओशाळले, पण ओशाळलेला माणूस वादात शिरतो, तसे ते शिरले. "अहो, द्राक्षाचाच रस तो. आपल्या पूर्वजांनाही चालत होता." त्यावर अण्णा : "आपल्या पूर्वजांनी असले काही केलेले नाही. हे सारे साहेबाचे." मग दोघांनीही आमच्याकडे पाहिले, कारण आम्ही इतिहासाची पुस्तके चाळतो हे दोघांनाही ठाऊक. त्या रात्री आम्ही गप्प राहिलो. जे तेव्हा सांगता आले नाही ते आता सांगतो.

प्रथम पूर्वजांचे पाहू. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मद्याच्या सहा जाती सांगितल्या असून त्यांतली ‘मधु’ ही जात म्हणजे द्राक्षरसाचे मद्य होय. आंब्याच्या सुरेचाही उल्लेख तेथे आहे, आणि आसवाच्या कृतीत चक्क आपले कवठ आहे. म्हणजे फळ आणि मद्य यांची गाठ साहेबाने घातली असे म्हणता येत नाही. येथवर यजमान जिंकले. परंतु त्याच ठिकाणी मधूचे दोन प्रकार त्यांच्या मूळ प्रदेशांवरून ओळखले जातात, आणि त्यांतला एक आहे ‘कापिशायन’. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. पाणिनीलाही हा शब्द ठाऊक होता. थोडक्यात, द्राक्षाचे मद्य आपल्या ग्रंथांत आहे, पण ते दूरच्या थंड मुलखाचे नाव मिरवीत आलेले आहे. ते गावठी नव्हे.

आता नाशिककडे वळू. आमच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यांत ‘गोवर्धन’ हे नाव येते. गोवर्धन हे त्या काळी ह्या भागाचे मुख्य ठाणे. तेथे राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे उषवदाताने ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले, २,००० दरमहा शेकडा एक ह्या दराने आणि १,००० शेकडा पाऊण दराने. व्याजातून लेण्यातील भिक्षूंच्या वस्त्रांची आणि किरकोळ खर्चाची सोय व्हावी, अशी योजना. त्याच्या जोडीला ८,००० नारळीची झाडे दिल्याचेही नोंदले आहे. (बँकवाल्या मंडळींनी हा लेख एकदा अवश्य वाचावा. मुद्दलाला हात लावावयाचा नाही, ही अट त्यातही आहे.) म्हणजे लेण्याच्या भिंतीवर फळझाड आहे, द्राक्ष नाही, मद्यही नाही.

पण त्याच नहपानाच्या दरबारात काय चालत असे ते भिंतीवर नसले तरी अन्यत्र आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्राकडून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या मार्गाची माहितीपुस्तिका लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे. भरूच बंदरात बाहेरून काय उतरते याची यादी तो देतो. तीत मद्य आहे, आणि ते मुख्यतः इटलीचे. शिवाय लाओदिकेआचे आणि अरबस्तानचे. राजासाठी म्हणून जो निवडक माल येई त्यात चांदीची भांडी, गाणारी मुले आणि उंची मद्य ह्यांची नोंद आहे. ज्या राजाचे नाव त्या पुस्तकात किंचित अपभ्रष्ट रूपात आले आहे तो नहपानच, असे बहुतेक विद्वान मानतात. सासरे इटलीचे मद्य घेत असतील आणि जावई लेण्यातल्या भिक्षूंना वस्त्रे देत असेल, तर त्यात आम्हांस विसंगती दिसत नाही. अशी घरे आजही नाशकात दाखविता येतील.

हा माल भरूचहून घाट चढून पैठण आणि तेर ह्या बाजारांकडे जात असे. डॉ. सांकलियांनी १९५०-५१ साली नाशिकच्या टेकाडाचे उत्खनन केले, आणि १९५४ पासून नेवाशाचे. नेवाशास दोन मुठींच्या उंच रांजणांची, ज्यांतून त्या काळी मद्य आणि तेल जहाजाने जाई, खापरे सापडली. पुढल्या अभ्यासकांनी पश्चिम हिंदुस्थानातली अशी खापरे पुन्हा तपासली तेव्हा, रोमन म्हणून गणलेल्यांपैकी काही इराकच्या बाजूच्या रांजणांची निघाली. खापर कोठलेही असो, मद्य दूरचे होते आणि महाग होते. सामान्य गोवर्धनकर विणकराच्या वाटीत ते पडण्याचा संभव नव्हता. येथे अण्णांचे पारडे जड होते.

मग द्राक्ष आपल्याकडे पिकू लागले केव्हा? इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेस आला. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने लिहिले. पुष्कळांना ही प्रवाशाची बढाई वाटते. परंतु द्राक्षबागाईतदारास विचारा. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो; आपल्याकडे त्याला झोपच नाही. म्हणून आपण त्याला वर्षातून दोनदा छाटतो : एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोड बहराची. पावसाळ्यातला बहर धरला तर द्राक्ष आंबट होते आणि कुजते, म्हणून तो सोडून द्यावयाचा आणि एकच बहर घ्यावयाचा. वेलाची ही दुहेरी चाल त्या परक्या प्रवाशाने पाहिली होती एवढेच.

पेशवाईत नाशिकला बहर आला. राघोबादादांचा वाडा आनंदवल्लीस, गोपिकाबाईंचे वास्तव्य गंगापुरास. १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला त्या सुमाराच्या वर्णनांत गावाभोवती बागा आणि द्राक्षमळे असल्याचे नमूद आहे. हे मळे खाण्याच्या द्राक्षांचे. पुढे १९२५ साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी बागाईत सुरू केली, आणि भोकरी, फकडी ह्या जुन्या जातींच्या जागी कालांतराने अनाबेशाही व थॉमसन आल्या. ह्या सगळ्या काळात द्राक्षाचा घरातला आंबलेला अवतार एकच, आणि तो वैद्याच्या कपाटातला : द्राक्षासव. मनुकांच्या काढ्यात गूळ किंवा साखर घालून, धायटीची फुले टाकून, भांड्याचे तोंड मातकापडाने बंद करून तो महिनाभर ठेवावयाचा. धायटीच्या फुलांबरोबर किण्व येते आणि गोड रसाचे मद्य होऊ लागते. त्या मद्याचे प्रमाण शेकडा ५ ते १० पर्यंत असते. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला तेव्हा औषधी द्रव्यांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५१ साली बालसारा खटल्यात मद्यार्कयुक्त औषधांवरची बंदी टिकली नाही. बाटली तीच, हेतू निराळा. न्यायालयाने हा भेद मान्य केला.

फळांच्या वाटीचे म्हणाल तर तिचा इतिहास निराळा. आपल्याकडे फळ मिसळावयाचे ते दुधादह्यात : शिकरण, पंचामृत, आम्रखंड. आंबट फळ दुधात घालू नये असे आयुर्वेद बजावतो, आणि आपण ते बहुधा ऐकत नाही. लग्नाच्या पंक्तीत ज्याला ‘फ्रूट सॅलड’ म्हणतात ते तर कस्टर्डात पोहणारे फळ. ही कस्टर्डची भुकटी बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली काढली, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे. अंडे नसलेले कस्टर्ड शाकाहारी घरांत बिनबोभाट शिरले, आणि अण्णांनी ते शेकडो पंक्तींत खाल्ले आहे. साहेबाचे म्हणून त्यांनी ते कधी परत पाठविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

वाइनची वाटी मात्र नाशकात अलीकडची. नारायणगावास ऐंशीच्या दशकात फेसाळ वाइन होऊ लागली होती. नाशिकला खरी सुरुवात १९९७ च्या लागवडीने झाली, आणि २००० साली ‘सुला’ची पहिली बाटली बाहेर पडली. हे नाव संस्थापकांच्या मातोश्रींच्या सुलभा ह्या नावावरून घेतलेले. बागेची जागा कोठली? गोवर्धन शिवार. उषवदाताच्या लेखातले नाव. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, आणि जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा जो गदारोळ उठला तो श्रोत्यांस आठवत असेलच. द्राक्षउत्पादक एका बाजूस, ज्यांच्या घरात दारूने संसार मोडले त्या बाया दुसऱ्या बाजूस. १९०८ साली पुण्यात लोकमान्यांनी दारूच्या दुकानांपुढे निरोधन मांडले होते, त्या परंपरेला विसरून ह्या विषयावर बोलता येत नाही. अण्णांचे वडील त्याच परंपरेतले.

आता यजमानांच्या कृतीचा हिशेब. एक किलो फळांना त्यांनी दोनशे मिलिलिटर गोडसर पांढरी वाइन घातली होती. फोडींवर आधी साखर भुरभुरून पाऊण तास ठेवली की फळ आपणच रस सोडते. मग वाइन ओतून दोन तास गार करावयाचे. वाइनमधल्या आंबटपणाने फोडी काळवंडत नाहीत. केळे घालावयाचे असल्यास अगदी शेवटी. यात एक गंमत आहे : ताजे द्राक्ष एप्रिलात संपते आणि आंबा मे महिन्यात भरात येतो, म्हणून ह्या दोघांची एका वाटीत गाठ पडावयाची तर द्राक्षाला बाटलीतूनच यावे लागते, नाहीतर बेदाणा होऊन. हे शिजवावयाचे नसल्याने मद्यार्क उडून जात नाही. शेकडा १२ धरला तर आठ वाट्यांत प्रत्येकी ३ मिलिलिटर. अण्णा रात्रंदिन जे द्राक्षासव घेतात, दोन्ही वेळा वीस-वीस मिलिलिटर, त्यातून शेकडा ८ च्या हिशेबाने साधारण तेवढाच मद्यार्क पोटात जातो.

हा हिशेब आम्ही यजमानांना सांगितला तेव्हा ते आनंदले. "मग अण्णांना दाखवतो हा कागद!" आम्ही तो कागद त्यांच्या हाती दिला नाही. द्राक्षासव अण्णा बाटलीवरचे नाव वाचून, आपल्या हाताने मोजून घेतात. ती वाटी त्यांना तशी मिळाली नव्हती. तीन मिलिलिटर असो की तीन थेंब, विचारल्याशिवाय दिले एवढेच त्या रात्रीचे खरे भांडण होते, आणि त्यावर शिलालेख काही सांगत नाही, इटलीचा रांजणही नाही.

यंदा पुन्हा त्याच घरी बोलावणे होते. सूनबाईंनी दोन पातेली मांडली होती. एकात वाइन, दुसऱ्यात काळ्या मनुका रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, लिंबू आणि किंचित सुंठ. वाढताना त्या प्रत्येकाला विचारीत होत्या. अण्णांनी मनुकांची वाटी घेतली, चाखून पाहिली, आणि साखर थोडी कमी हवी होती असे सांगितले.