कातकरी शाळेत का टिकत नाही?

"कातकऱ्याचं पोर शाळेत टिकत नाही." कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की तो निसर्गनियमच वाटावा. पण या वाक्याला इतिहास आहे.

खैराचा कात काढणारी ही जमात. इंग्रजांनी जंगले राखीव केली आणि धंदा बुडाला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्खी जमात जन्मावरून गुन्हेगार ठरवता येऊ लागली. 1911 च्या कायद्याने तीच सोय मुंबई इलाख्यातही झाली. तो शिक्का कातकऱ्यांच्याही वाट्याला आला. गावात चोरी झाली की पहिला संशय कातकरवाडीवर. ज्याला गाव चोर समजते, त्याला जमीन कोण कसायला देणार? उरते ती उचल आणि कोळशाची किंवा विटांची भट्टी. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते, पोर सोबत जाते. मग गुरुजी हजेरीपट दाखवतात: "बघा, म्हटलं नव्हतं?" आधी शिक्का मारायचा, मग त्याचाच पुरावा मागायचा!

बाबासाहेब 1928 च्या स्टार्ट समितीचे सदस्य होते. ती समिती अस्पृश्यांबरोबर आदिवासींसाठीही होती. तिने शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहांची शिफारस केली. म्हणजे पोर शिकेल हे गृहीत धरून सोय करा.

गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, वेठबिगारीवर 1976 च्या कायद्याने बंदी आली. उचल मात्र चालूच आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे: भट्टीच्या हंगामात पोरांसाठी गावातच वसतिगृह, आणि वाडीखालची जमीन कातकऱ्याच्या नावावर. एवढे करा, मग कोण टिकते ते पाहू.

जय भीम!